दोनशे अँपियरचा प्रश्न

लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून टाटांनी सह्याद्रीवर पडणारं पावसाचं पाणी अडवलं आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून ते पाइपांतून खोपोलीला उतरवलं. १९१५ साली तिथल्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली तासाभरावर आहे. घाटाखालून जाताना ते पाइप आजही दिसतात.

ती योजना आखणाऱ्या अभियंत्यांपुढे वीज तयार करण्याइतकाच अवघड प्रश्न ती पोचवण्याचा होता. वीज तयार होणार डोंगराच्या पायथ्याशी आणि लागणार परळला. मधे साठ-सत्तर किलोमीटर तारा. तारेतून प्रवाह गेला की तार तापते, आणि त्या उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला तर नुकसान चौपट होतं. यावरचा उपाय तेव्हाही माहीत होता. व्होल्टेज एक लाखाच्या घरात चढवायचं, म्हणजे तेवढीच वीज थोड्या प्रवाहात जाते, आणि ते उतरवायचं ते थेट गिऱ्हाइकाच्या दाराशी गेल्यावर.

आज टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये हाच प्रश्न तळहाताएवढ्या जागेत येऊन बसला आहे. येणाऱ्या प्रोसेसरबद्दल चर्चा सुरू झाली की कोअर किती आणि गिगाहर्ट्झ किती, याच आकड्यांवर सगळे तुटून पडतात. पण या पिढ्यांचं भवितव्य ठरणार आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्या किती जवळ नेऊन उतरवता येतं आणि ते किती चपळाईने सांभाळता येतं, हे ज्याला नीट जमेल त्याचा प्रोसेसर चांगला निघेल. हे प्रकरण त्याबद्दल आहे.

पाच व्होल्टवरून सव्वा व्होल्टवर

१९९३ साली इंटेलचा पहिला पेंटियम आला. तो घडवण्यात मोठा वाटा असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. ६६ मेगाहर्ट्झचा तो पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा आणि जास्तीत जास्त १६ वॉट घ्यायचा. भागाकार केला तर प्रवाह येतो सुमारे ३ अँपियर.

आता २०२२ चा कोअर आय९-१३९००के घ्या. पूर्ण भारावर त्याची ठरलेली मर्यादा २५३ वॉट. आत पोचणारं व्होल्टेज ढोबळमानाने सव्वा व्होल्ट धरलं, तर प्रवाह निघतो २०० अँपियर. पनवेलमधल्या एखाद्या फ्लॅटच्या मुख्य एमसीबीवर बहुधा ३२, ४० किंवा ६३ हा आकडा असतो. फ्रीज, गीझर, एसी, मिक्सर असं सगळं घर तेवढ्यात भागतं. प्रोसेसर मात्र त्याच्या कितीतरी पट प्रवाह एका सॉकेटमधून ओढतो. घरात २३० व्होल्ट असतात आणि तिथे सव्वा, म्हणून वॉटचा हिशेब जुळतो. पण तारा, टाके आणि पिना तापतात त्या प्रवाहाने.

मग व्होल्टेज इतकं खाली आणलंच का? कारण चिपमध्ये खर्च होणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग तोच ठेवून व्होल्टेज निम्मं केलं तर खर्च पाव होतो. इतकी मोठी बचत दुसऱ्या कुठल्याच मार्गाने होत नाही. १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवलं तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात आणि चिप मात्र आधीइतकीच तापते. पुढची तीस वर्षं हा उद्योग त्या सूत्रावर वाढला.

२००५ च्या सुमारास ते सूत्र थकलं. व्होल्टेज आणखी उतरवायचं तर ट्रान्झिस्टर कमी व्होल्टेजला चालू होईल असा बनवावा लागतो, आणि तसा बनवला की बंद असतानाही त्याच्यातून वीज झिरपते. चिप तापली की झिरप आणखी वाढते. व्होल्टेज एकच्या आसपास अडकलं, ट्रान्झिस्टरची संख्या मात्र वाढतच गेली. इंटेलने २००४ मध्ये 'तेहास' हा पेंटियम ४ चा वारसदार रद्द केला आणि एका कोअरचा वेग वाढवत नेण्याऐवजी अनेक कोअरची वाट धरली. चिपमधल्या विजेचं नियोजन ही एक स्वतंत्र विद्या झाली ती तेव्हापासून.

मदरबोर्डवरचं सबस्टेशन

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहा. एसएमपीएसकडून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, आलेला आठ तारांचा एक जाड कनेक्टर तिथे लावलेला असतो. चार तारा १२ व्होल्टच्या, चार परतीच्या. जुन्या एसएमपीएसमध्ये त्या पिवळ्या आणि काळ्या असत, नव्यांत बऱ्याचदा सगळ्याच काळ्या. २५३ वॉटला १२ ने भागलं की २१ अँपियर येतात, म्हणजे एका तारेवर पाचेक. इथवर काही अवघड नाही.

कनेक्टरपासून सॉकेटपर्यंत नजर नेली की काटकोनात मांडलेली, करड्या किंवा काळ्या चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसते. हे चोक. त्यांच्या शेजारी, बहुधा ॲल्युमिनियमच्या हीटसिंकखाली झाकलेले मॉसफेट असतात आणि जवळच लहान डब्यांसारखे कॅपॅसिटर. ही सगळी जुळणी म्हणजे व्हीआरएम, अर्थात व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर. मॉसफेट हा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारा खटका आहे. १२ व्होल्टचे १.२ करायचे तर तो दहातला एक हिस्सा वेळ चालू आणि उरलेला वेळ बंद राहतो. चोक आणि कॅपॅसिटर त्या धक्क्यांची सलग धार करतात. अशा एका जोडणीला फेज म्हणतात. बोर्डाच्या खोक्यावर '१६ फेज' असं छापलेलं असतं ते याच अर्थाने. सगळ्या फेज आळीपाळीने काम करतात, म्हणजे दोनशे अँपियरचा भार एकावर पडत नाही.

किती व्होल्टेज हवं हे प्रोसेसर स्वतः सांगतो. त्यासाठी त्याच्याकडून व्हीआरएमकडे वेगळ्या तारा जातात आणि त्यांच्यावरून ५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मागणी नोंदवली जाते. ब्राउझर उघडला, व्हिडिओ थांबवला, एक्सेलमध्ये एंटर दाबलं, की मागणी बदलते. मग ती वीज सॉकेटच्या पिनांमधून आत जाते. त्या आय९ च्या सॉकेटला १७०० संपर्कबिंदू आहेत आणि त्यांतला मोठा हिस्सा माहितीसाठी नसून निव्वळ वीज आत नेण्यासाठी आणि परत आणण्यासाठी राखलेला आहे.

खरी कसोटी लागते ती भार एकदम बदलतो तेव्हा. निवांत बसलेले सगळे कोअर एकाच क्षणी कामाला लागले, की काही नॅनोसेकंदांत मागणी कितीतरी अँपियरने उसळते. व्हीआरएमला प्रतिसाद द्यायला मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे शेकडो पट अधिक वेळ. तेवढ्या फटीत चिपजवळचे कॅपॅसिटर कसंबसं निभावून नेतात, पण व्होल्टेज खचतंच. ते ठराविक पातळीखाली गेलं तर ट्रान्झिस्टर वेळेत उघडत नाहीत, गणित चुकतं आणि पडद्यावर निळी पाटी येते.

राज्याच्या वीजजाळ्यातही हाच खेळ चालतो. ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र मागणी आणि निर्मितीचा मेळ घालत वारंवारता ५० हर्ट्झजवळ ठेवायला हातभार लावतं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी हा मेळ मोडला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. जाळ्यात सावरायला सेकंद मिळतात, चिपमध्ये नॅनोसेकंद.

या खचण्याची भरपाई म्हणून कंपन्या व्होल्टेज गरजेपेक्षा थोडं वर ठेवतात. क्वचित येणाऱ्या धक्क्यासाठी ठेवलेल्या या वाढीव व्होल्टेजची किंमत मात्र सतत मोजावी लागते, आणि तीही वर्गाच्या पटीत. ही वाढीव पट्टी अरुंद करणं, हे येणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरचं मुख्य काम आहे.

व्होल्टेज चुकलं की काय होतं

हा विषय पुस्तकी नाही, हे अलीकडच्या दोन घटनांनी सिद्ध केलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रं प्रसिद्ध झाली. मेमरी वेगाने चालवण्याच्या सेटिंगमुळे चिपच्या एका भागाला जास्त व्होल्टेज मिळत होतं. एएमडीने बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्या भागावर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली.

पुढच्या वर्षी इंटेलची पाळी आली. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होऊ लागले. गेम बंद पडत, प्रोग्रॅम बसवताना भलत्याच चुका दाखवल्या जात. शोधाअंती इंटेलने कारण जाहीर केलं. जादा व्होल्टेज आणि तापमान यांनी कोअरमधल्या घड्याळाच्या मंडलाची झीज होत होती आणि त्याला लागणारं किमान व्होल्टेज हळूहळू वर सरकत होतं. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजची मागणी नोंदवत होता. ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या आल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण झालेली झीज कुठल्याही दुरुस्तीने भरून येत नाही.

वेगाच्या शर्यतीत शेवटचे शे-दोनशे मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठी व्होल्टेज ताणलं, की त्याची किंमत चिपच्या आयुष्याने चुकती होते. नवा प्रोसेसर किती वेगाने पळेल यावर पैज लावणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दाराशी उतरवणं

मदरबोर्डवरून सव्वा व्होल्टला दोनशे अँपियर नेण्यापेक्षा व्होल्टेज चिपच्या आतच उतरवलं तर? वाटेतला रोध समजा अर्धा मिलिओहम आहे. २०० अँपियरला त्या वाटेतच २० वॉट उष्णतेत जातात. तीच २५० वॉट शक्ती १.८ व्होल्टने आत नेली तर प्रवाह १४० अँपियरवर येतो आणि नुकसान १० वॉटच्या खाली. खोपोलीचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं.

इंटेलने हे २०१३ च्या हॅसवेल पिढीत करून दाखवलं. मदरबोर्ड सुमारे १.८ व्होल्ट द्यायचा आणि पुढचं काम चिपमधला रेग्युलेटर करायचा, तोही १४० मेगाहर्ट्झने चालू-बंद होत. बोर्डावरच्या व्हीआरएमपेक्षा हा वेग शेकडो पटींनी जास्त, त्यामुळे धक्क्याला उत्तरही तितकंच झटपट. अडचण एवढीच, की रेग्युलेटरची स्वतःची उष्णताही आता प्रोसेसरच्याच पोटात आली. डेस्कटॉपचे वेग वाढवताना ती नडू लागली आणि २०१५ च्या स्कायलेकमध्ये इंटेलने ती रचना मागे घेतली.

ऑक्टोबर २०२४ च्या ॲरो लेकमध्ये, म्हणजे कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेत, वेगळ्या रूपात ती परतली. इथला रेग्युलेटर खटक्याचा नसून सरळ व्होल्टेज थोपवणारा आहे. आलेल्या व्होल्टेजमधला जादा भाग तो उष्णता करून टाकतो. ऐकायला हे उधळपट्टीचं वाटतं, पण उतरवायचा फरक लहान असला तर नुकसानही लहान असतं, आणि मोबदल्यात वेगवेगळ्या कोअरना वेगवेगळं व्होल्टेज देता येतं. एरवी एका कोअरला १.३ व्होल्ट लागले की त्याच्याबरोबर बाकीच्यांनाही ते सोसावे लागत.

येणाऱ्या पिढ्या

आता अंदाजांकडे वळू. इंटेलने 'नोव्हा लेक' २०२६ च्या अखेरीस आणण्याचं जाहीर केलं आहे. त्यात ५२ कोअर असतील अशी जोरदार चर्चा आहे: १६ मोठे, ३२ छोटे आणि ४ अगदी कमी वीज खाणारे. एएमडीने सर्व्हरसाठीची झेन ६ पिढी तैवानच्या टीएसएमसीच्या २ नॅनोमीटर तंत्रावर येणार असल्याचं सांगितलं आहे, आणि आजचं एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत व पुढेही चालवण्याचं आश्वासन दिलं आहे. डेस्कटॉपच्या झेन ६ मध्ये एका तुकड्यावर आठऐवजी बारा कोअर येतील, असा कयास आहे.

हे आकडे खरे ठरले असं धरलं, तरी विजेचा हिशेब त्यांना शिस्त लावतोच. अडीचशे वॉट ५२ कोअरमध्ये वाटले तर एकेकाच्या वाट्याला पाच वॉटही येत नाहीत. सगळे कोअर एकाच वेळी कमाल वेगाने पळणार नाहीत. कुणाला किती द्यायचं हे चिपमधला छोटा नियंत्रक सेकंदाला हजारो वेळा ठरवणार. म्हणून नोव्हा लेकबद्दलच्या बातम्यांमध्ये कोअरच्या संख्येपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, की प्रत्येक कोअरगटाला स्वतंत्र व्होल्टेज मिळणार का, आणि ठरलेली वॉटमर्यादा बोर्ड बनवणाऱ्यांना परस्पर उठवू दिली जाणार का.

याहून मोठा बदल चिपच्या पाठीमागे चालला आहे. आजवर वीज आणि माहिती दोन्हींच्या तारा ट्रान्झिस्टरच्या वरच्या अंगाला एकाच जाळ्यात असत. अरुंद होत गेलेल्या त्या जाळ्यातून खाली येईपर्यंत व्होल्टेज घटायचं. इंटेलच्या १८ए तंत्रात विजेच्या तारा पाठीमागच्या अंगाला नेल्या आहेत. पुढची बाजू माहितीला, मागची विजेला. २०२३ मध्ये चाचणीच्या चिपवर इंटेलने व्होल्टेजची घसरण ३० टक्क्यांनी कमी आणि वेग ६ टक्क्यांनी जास्त मिळाल्याचं सांगितलं. जानेवारी २०२६ मध्ये 'पँथर लेक' या लॅपटॉपच्या प्रोसेसरमधून हे तंत्र बाजारात आलं. टीएसएमसी आपल्या ए१६ तंत्रात हाच मार्ग घेत आहे. यात पेच आहे तो उष्णतेचा. ट्रान्झिस्टरचा थर आता दोन्ही अंगांनी तारांमध्ये दबतो आणि उष्णता पसरवणारा सिलिकॉनचा जाड थर घासून पातळ करावा लागतो. त्यामुळे पाठीमागून वीज घेणाऱ्या पहिल्या डेस्कटॉप चिप कमी व्होल्टेजवर आधीइतका वेग देतील, कमाल वेगाचा आकडा मात्र फारसा वर नेणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. ती मला प्रगतीच वाटते.

पनवेलच्या टेबलावर

पनवेलमध्ये या सगळ्याचा अर्थ काय? वास्तुविशारदाचं ऑफिस, ॲनिमेशनचा क्लास किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ घ्या. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असेंबल केलेला पीसी दिवसाला आठ तास पूर्ण भारावर चालतो. २५३ वॉट आणि १२५ वॉट यांतला फरक दिवसाला साधारण एक युनिट, महिन्याला तीस. ती सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते. मे महिन्याच्या उकाड्यात ती बाहेर काढायला एसीला वेगळी वीज लागते, आणि दिवे गेले की यूपीएस निम्म्या वेळात मान टाकतो.

त्यासाठी नव्या पिढीची वाट पाहायची गरज नाही. वेग दहा टक्के आणि त्याबरोबर व्होल्टेजही दहा टक्के उतरलं, तर शक्तीचा खर्च सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. बायोसमध्ये वॉटची मर्यादा स्वतः बांधता येते. एएमडीच्या बोर्डवर 'इको मोड' नावाने ती तयारच असते. खरेदी करताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा, की ठरलेल्या मर्यादेवर हा प्रोसेसर किती काम करतो. मर्यादा उठवल्यावर मिळणारा वेग जाहिरातीसाठी असतो.

हाच हिशेब शहराच्या पातळीवर पाहायचा असेल तर पनवेलमधल्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत जावं. तिथलं योट्टाचं एनएम१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट अशी त्याची क्षमता. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची आजची क्षमता ७२ मेगावॉट आहे. म्हणजे मुंबईच्या गिरण्यांसाठी उभ्या राहिलेल्या केंद्राची दोन तृतीयांशाहून जास्त वीज ही एक इमारत घेऊ शकते. तिथे प्रत्येक चिपमागे वाचलेले दोन-तीन वॉट हजारोंनी गुणले जातात. डेस्कटॉपमध्ये आज येणारी बरीच वीज-शिस्त आधी अशा सर्व्हरच्या गरजेतून घडली आहे.

आणि या विषयाचा पनवेलशी आणखी एक धागा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पनवेलजवळच्या तळोज्यात इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या ८३,९४७ कोटी रुपयांच्या चिप कारखान्याला मंजुरी दिली. पुढच्या वर्षी ती बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. टॉवर ही कंपनी प्रोसेसर बनवत नाही. ॲनालॉग आणि वीजनियंत्रणाच्या चिप ही तिची खासियत. व्हीआरएममधले नियंत्रक आणि मॉसफेट चालवणाऱ्या चिपांना २ नॅनोमीटर लागत नाहीत. ६५ ते १८० नॅनोमीटरच्या जुन्या, रुळलेल्या तंत्रावर त्या बनतात. तिथे अतिसूक्ष्म छपाईपेक्षा जास्त व्होल्टेज आणि प्रवाह सोसणारी रचना महत्त्वाची ठरते.

भारताने थेट सर्वांत प्रगत प्रोसेसर बनवावा असा आग्रह अनेकांचा असतो. मला वाटतं, त्या प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या चिप बनवणं हे तितकंच मानाचं आणि आज जास्त आवाक्यातलं काम आहे. नोव्हा लेक येवो की झेन ६, प्रत्येक मदरबोर्डवर त्या लागतातच, आणि प्रोसेसर जितका वीजखाऊ होईल तितक्या जास्त लागतात. वीज दुरून आणून गिऱ्हाइकाच्या दाराशी नेमकी उतरवण्याचा शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव याच पट्ट्याच्या गाठीशी आहे. तळोज्यात कारखाना कुणाचाही उभा राहो, त्याने सुरुवात इथून करावी.